शर्यत पहाटे का सुटते

धावणाऱ्या शरीरात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पाय पुढे टाकण्याच्या कामी येतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. हिशेब साधा आहे. धावताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक किलोकॅलरी लागते. ६० किलो वजनाचा माणूस तासाभरात १० किलोमीटर धावला, तर ६०० किलोकॅलरी खर्ची पडल्या आणि त्यांतल्या साधारण ४५० उष्णता होऊन अंगात साठू लागल्या. एवढ्या वजनाचे शरीर एक अंशाने तापायला ५० किलोकॅलरी पुरतात. ही उष्णता बाहेर पडायला वाटच नसती, तर दर सात मिनिटांना ताप एक अंशाने चढला असता आणि अर्ध्या तासात ४१ अंशांच्या पुढे गेला असता. तसे होत नाही, कारण शरीर ती उष्णता हवेत टाकत राहते. ती किती टाकता येईल, हे मात्र पायांच्या ताकदीवर ठरत नाही. ते हवेवर ठरते.

थंड हवेत बरीचशी उष्णता त्वचेवरून वाहणारा वारा घेऊन जातो. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून जितकी थंड, तितके हे काम सोपे. हवा ३५ अंशांवर गेली की गणित उलटते. मग वारा उष्णता नेण्याऐवजी आणून घालतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे अंगाला लागणाऱ्या झळा म्हणजे नेमके हेच. अशा वेळी हाताशी उरतो तो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. वरच्या उदाहरणातल्या धावपटूला तासाला पाऊण लिटरहून थोडा जास्त घाम पुरेसा आहे, आणि माणसाचे शरीर तासाला एक-दीड लिटर घाम सहज काढू शकते.

अडचण ‘सुकला तर’ या शब्दांत आहे. कपाळावरून ओघळून रस्त्यावर पडलेला घाम शरीराला काहीही गारवा देत नाही. पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते. घाम सुकण्याचा वेग त्वचेलगतच्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या दाबातील फरकावर अवलंबून असतो. ओल्या त्वचेपाशी हा दाब पाऱ्याच्या ४२ मिलिमीटरएवढा धरता येतो. मुंबईत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरचा दाब २५ मिलिमीटर होतो. नागपुरात ४३ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना तो अवघा १३ असतो. म्हणजे घाम सुकण्याच्या दृष्टीने नागपूरची भट्टी मुंबईच्या उकाड्यापेक्षा सोयीची. श्रावणात कोकणातल्या दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, तीच गत तिथे धावणाऱ्याच्या अंगावरच्या घामाची. विदर्भातला धोका निराळा आहे. तिथे घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो, बनियनवर मिठाचे पांढरे डाग तेवढे राहतात, आणि किती पाणी गेले याचा अंदाज धावणाऱ्याला येत नाही. वर हवा आणि तापलेला डांबरी रस्ता दोन्हीकडून उष्णता ओतत असतात.

म्हणून केवळ तापमापकाचा आकडा धावणाऱ्याला अर्धेच सांगतो. अमेरिकेत पॅरिस आयलंड येथील मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात उष्माघाताचे प्रमाण वाढल्यावर १९५० च्या दशकात एक वेगळे मोजमाप पुढे आले. त्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला केवळ १० टक्के वजन दिले जाते. मोठ्या शर्यतींचे वैद्यकीय अधिकारी आज याच आकड्यावर निर्णय घेतात. साध्या तापमानाला एवढे थोडे वजन मिळावे, यात बरेच काही आले.

हवेला दिवसाचा क्रम असतो, तसा शरीरालाही असतो. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदाच्या वर, काही हजार पेशींचा पुंजका आहे. तोच शरीराचे मुख्य घड्याळ चालवतो. पेशींच्या आतले हे घड्याळ कसे चालते, हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. पण हे घड्याळ बाहेरच्या उजेडावर पूर्ण अवलंबून नाही, हा संशय जुना आहे. निद्राशास्त्राचे आद्य अभ्यासक नॅथॅनिएल क्लाइटमन १९३८ मध्ये ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याला घेऊन केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. सूर्य दिसत नाही, तापमान बदलत नाही, अशा ठिकाणी त्यांनी २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण रिचर्डसनच्या शरीराने तो बराचसा स्वीकारला. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांच्या शरीराचे तापमान मात्र हट्टाने २४ तासांच्याच ठेक्यावर चढत-उतरत राहिले.

हा चढउतार अर्ध्या ते एका अंशाचा असतो. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीर सर्वांत थंड असते आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सर्वांत उबदार. अंशभराचा फरक क्षुल्लक वाटतो, पण उबदार स्नायू अधिक जोरात आणि अधिक वेगाने आकुंचन पावतात, मज्जातंतूंतले संदेश वेगाने धावतात, सांधे मोकळे असतात. स्नायूंची ताकद, उडी, छोट्या अंतराचा वेग यांचा उच्चांक म्हणूनच बहुधा दुपार कलल्यावर गाठला जातो. फुफ्फुसांतल्या नळ्याही पहाटे अधिक आकसलेल्या असतात. दम्याच्या रुग्णाला रात्रीच्या शेवटच्या प्रहरी जास्त त्रास होतो तो यामुळेच. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर पाठ ताठर असते. जागे झाल्यावर रक्तदाब आणि कॉर्टिसॉल झपाट्याने वर जातात. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात अधिक येतात, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. त्यावरून सकाळी धावणेच घातक असा निष्कर्ष काढला जातो, पण त्याला आधार नाही. नियमित व्यायाम करणाऱ्याचा धोका एकूणच घटतो. अचानक, अंग न तापवता, झोपेतून उठून थेट वेगात सुटणाऱ्याने मात्र ही गोष्ट लक्षात ठेवावी.

लांब अंतराच्या धावेत शरीराच्या घड्याळाची पकड सैल होते. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही क्षमता दिवसभरात फारशी बदलत नाही. नियमाने सकाळी सराव करणाऱ्यांची सकाळची उणीव काही आठवड्यांत बरीचशी भरून निघते. वॉर्म-अप दहा मिनिटे लांबवला, तरी पुष्कळ फरक पडतो. उष्ण आणि दमट प्रदेशात तर सकाळ-संध्याकाळच्या ताकदीतली तफावत मुळातच कमी आढळते, कारण तिथली हवा सकाळीही स्नायूंना ऊब देत असते. शिवाय माणसामाणसांत फरक आहे. पहाटे आपोआप जाग येणारा आणि मध्यरात्रीपर्यंत टवटवीत असणारा, या दोघांचे उत्तम तास एकच नसतात.

यातून एक विसंगती उभी राहते. शरीराला विचारले, तर धावण्याची चांगली वेळ संध्याकाळची. तरी महाराष्ट्रातली जवळजवळ प्रत्येक रस्त्यावरची शर्यत तांबडे फुटायच्या आत किंवा फुटता फुटता सुटते. कारण शरीराच्या घड्याळाने दिलेला अंशभराचा फायदा इथली हवा तासाभरात हिरावून घेते. आणि तासाभरापेक्षा जास्त धावायचे असेल, तर पहाटेच्या थंड शरीराचा एक लाभच होतो: सुरुवातीचे तापमान कमी असल्याने धोक्याच्या पातळीपर्यंत पोहोचायला अधिक अवकाश मिळतो. शंभर मीटरच्या धावपटूला जे उणे, तेच मॅरेथॉनवाल्याला अधिक.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून जानेवारीत होते. कुलाब्याला या महिन्यात सरासरी किमान तापमान १९ अंशांच्या आसपास असते, म्हणजे मुंबईच्या मानाने सुखद. हौशी धावपटू पहाटे पाचच्या सुमारास सुटतात, तर अव्वल परदेशी धावपटू सात वाजून गेल्यावर. वरवर हे उलटे वाटते. अव्वल धावपटू सव्वादोन तासांत, साडेनऊच्या आसपास मोकळा होतो. पाच-सहा तास घेणारा हौशी धावपटू पहाटे निघूनही दहा-अकराच्या उन्हात सापडतो. पेडर रोडचा चढ उतरत्या ताकदीत आणि चढत्या उन्हात चढण्याचा अनुभव त्याच्याच वाट्याला येतो. त्याने पाचला निघण्याऐवजी सातला निघायचे म्हटले असते, तर शर्यतीचा उत्तरार्ध भर दुपारी आला असता.

इथे आर्द्रतेबद्दलचा एक गैरसमज आड येतो. हवामानाच्या ॲपवर पहाटे ८५-९० टक्के आर्द्रता दिसते आणि दुपारी ५०, म्हणून पहाट जास्त दमट असे अनेकांना वाटते. टक्क्यांतली आर्द्रता ही हवा त्या तापमानाला किती बाष्प धरू शकते, त्याच्या तुलनेत असते. पहाटे हवा थंड, म्हणून तिची धारणाशक्ती कमी, म्हणून टक्का मोठा. हवेतले प्रत्यक्ष बाष्प किनारपट्टीवर दिवसभरात त्या मानाने थोडेच बदलते. घामाला फरक पडतो तो प्रत्यक्ष बाष्पाने. त्यामुळे धावणाऱ्याने टक्केवारीऐवजी दवबिंदूचा आकडा पाहावा. तो पंधराच्या खाली असला की धावणे सुखाचे. विशीच्या पुढे गेला की घाम नीट सुकेनासा होतो. पंचविशीला पोहोचला, की वेळेचे लक्ष्य बाजूला ठेवलेले बरे. मुंबईत मे-जूनमध्ये तो पंचविशीच्या घरात असतो, आणि तेव्हा पहाट किंवा संध्याकाळ यांत निवड करण्यासारखे फारसे उरत नाही. ऊन टळते, इतकेच.

दोहा येथील २०१९ च्या जागतिक मैदानी स्पर्धेने हे जगासमोर मांडले. दिवसाचा उष्मा टाळण्यासाठी महिलांची मॅरेथॉन २७ सप्टेंबरला मध्यरात्रीच्या ठोक्याला सुरू केली गेली. तापमान तरीही ३२ अंशांच्या वर होते आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे. निघालेल्या ६८ जणींपैकी २८ जणी वाटेत थांबल्या. केनियाची रूथ चेपनगेटिच २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंदांत जिंकली. जागतिक स्पर्धेत इतक्या संथ वेळेत कोणी जिंकले नव्हते. आठवड्याभराने पुरुषांच्या शर्यतीच्या रात्री हवा २९ अंशांवर आणि बरीच कोरडी होती. इथिओपियाचा लेलिसा देसिसा २ तास १० मिनिटे ४० सेकंदांत पोहोचला. शहर तेच आणि वेळही मध्यरात्रीचीच. पालटली होती ती हवा. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन याच धास्तीने ८०० किलोमीटर उत्तरेला साप्पोरोला नेली गेली, आणि तरीही २०२१ मध्ये महिलांची शर्यत आदल्या संध्याकाळी निर्णय घेऊन सातऐवजी सहाला सोडावी लागली.

लांब पल्ल्याला नेमकी कोणती हवा मानवते? पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क येथील २००१ ते २०१० या काळातल्या ६० शर्यतींमधील सुमारे १८ लाख धावपटूंच्या वेळा फ्रेंच संशोधकांनी तपासल्या. वेगवेगळ्या दर्जाच्या धावपटूंसाठी उत्तम तापमान सुमारे ४ ते १० अंशांमध्ये निघाले. निफाडचा पारा इतका उतरला की ‘कडाक्याच्या थंडीने द्राक्षबागायतदार हवालदिल’ असे मथळे झळकतात. मॅरेथॉनपटूसाठी ती सुगी. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, सैन्यात सियाचिनची थंडी आणि राजस्थानचे ऊन दोन्ही पाहिलेला अविनाश साबळे १ तास ३० सेकंदांत अर्धमॅरेथॉन धावला, तो दिल्लीत नोव्हेंबरच्या अखेरीस, २०२० साली. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०२३ साली हायले लेमीने नोंदवलेली २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांची विक्रमी वेळ बर्लिन-शिकागोच्या विक्रमांपेक्षा सहा-सात मिनिटांनी मागे आहे. त्यात चढाचा आणि स्पर्धकांच्या दर्जाचा वाटा आहेच, पण हवेचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

उष्ण हवेत वेग का मंदावतो, याचे उत्तर रक्ताच्या वाटणीत आहे. विश्रांतीत त्वचेला मिनिटाला पाव लिटरभर रक्त पुरते. तीव्र उष्म्यात ते सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. धावणाऱ्या स्नायूंनाही तेच रक्त हवे असते. भरीला घामाने रक्तातले पाणी कमी होते. दर ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारे रक्त घटते आणि ती तूट भरून काढायला ठोके वाढतात. म्हणून एकाच वेगाने धावत असतानाही अर्ध्या तासानंतर नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर गेलेली दिसते. आतड्यांचा रक्तपुरवठा आणखी आटतो; उन्हात एनर्जी जेल घेतल्यावर पोटात ढवळते ते त्यामुळे. अशा दिवशी घड्याळातला वेग गाठण्याचा हट्ट सोडून नाडीवर किंवा श्वासावर धावणे शहाणपणाचे. संथ धावपटूंचे नुकसान वेगवानांपेक्षा अधिक होते, हेही दिसून आले आहे. ते जास्त वेळ रस्त्यावर असतात आणि गर्दीत, एकमेकांच्या उष्णतेत धावतात.

पाण्याबाबत सल्ला दोनदा पालटला आहे. शतकापूर्वी धावताना पाणी पिणे कमकुवतपणाचे मानत. सेंट लुइस येथील १९०४ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये भर दुपारी, ३२ अंशांच्या धुळीच्या उन्हात, पाण्याची सोय जवळजवळ नव्हती; ३२ पैकी १४ जण पोहोचले. पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि तहान लागण्याआधी, जमेल तितके प्या, असे सांगितले जाऊ लागले. बोस्टनच्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले; त्यांतले बरेच जण शर्यत संपवताना वजनाने वाढले होते. आता तहानेप्रमाणे प्यावे, आणि लांब उन्हात मीठही जावे, हा मधला मार्ग सर्वमान्य आहे. मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा कोकम यात कमी पडत नाही. सरावापूर्वी आणि नंतर वजन केले, तर स्वतःचा घाम किती हे कळते. तो माणसागणिक दुपटी-तिपटीने बदलतो.

शरीर उष्म्याला सरावतेही. रोज तासभर उष्ण हवेत बेताने धावले, तर १० ते १४ दिवसांत रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर आणि जास्त येतो, त्यातले मीठ घटते, नाडी खाली येते. सराव सुटला की तीन-चार आठवड्यांत हे बहुतेक विरते. पुणे-नाशिकच्या धावपटूला डिसेंबरभर गार हवेत सराव करून जानेवारीत मुंबई जड जाते, आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरचा चटका अचानक बसतो, त्याचे कारण हेच.

हे सगळे बंध तुटतात, तेव्हा उष्माघात होतो. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या पुढे आणि सोबत बरळणे, तोल जाणे, विचित्र वागणे किंवा बेशुद्धी. कातडी कोरडी असेलच असे नाही. धावणाऱ्याला उष्माघात घामाने चिंब असतानाच होतो, आणि इथेच अनेकदा निदान चुकते. उपाय एकच आणि तातडीचा: बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बुडवणे. आधी थंड करायचे, मग रुग्णालयात न्यायचे. अमेरिकेतल्या फॅलमथ येथे ऑगस्टच्या दमट हवेत होणाऱ्या ११ किलोमीटरच्या शर्यतीत १८ वर्षांत २७४ जणांना उष्माघात झाला. टब तयार असल्यामुळे सगळे वाचले. या शर्यतीचे अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. उष्माघात मॅरेथॉनपेक्षा छोट्या, वेगवान धावेत सहज गाठतो, कारण उष्णता वेगाच्या प्रमाणात निर्माण होते.

थंडी, पाऊस आणि वारा महाराष्ट्रात धावणाऱ्याच्या जिवावर क्वचितच बेततात. सप्टेंबरात साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून परतणारी हिल हाफ मॅरेथॉन ढगांत आणि रिमझिमीत होते आणि धावपटूंना ती आवडते. पायाला फोड आले तर तेवढेच. उंचावर गोष्ट वेगळी. चीनच्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. पातळ कपड्यांतले २१ धावपटू गारठून दगावले. ओले कापड आणि वारा मिळून शरीराची ऊब इतक्या वेगाने नेतात, की थकून चालायला लागलेल्या माणसाला ती भरून काढता येत नाही.

हवेच्या शुद्धतेच्या बाबतीत मात्र पहाट नेहमीच विश्वासाची नाही. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा वरच्या थरापेक्षा थंड राहते आणि रात्रभराचा धूर-धूळ खालीच कोंडते. ऊन वर आल्यावर ती विरते. बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, वेगात धावताना शंभरच्या घरात, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी चुकवून. दिल्लीत आणि अलीकडे मुंबईतही डिसेंबर-जानेवारीत ऊन वर आल्यावर धावणे पहाटेपेक्षा फुफ्फुसांना मानवू शकते.

वेळ निवडण्याची ही मुभा सगळ्यांना नसते. महाराष्ट्रात धावण्याची सर्वांत मोठी परीक्षा देतात ते पोलीस भरतीचे उमेदवार. कोणत्या महिन्यात आणि किती वाजता ‘ग्राउंड’ द्यायचे, हे त्यांच्या हाती नसते. मुंबईत जून २०१४ मध्ये, पावसाआधीच्या सर्वांत दमट दिवसांत, ५ किलोमीटरच्या चाचणीनंतर काही तरुण उमेदवार दगावले. त्यानंतर अंतर कमी झाले आणि आता बहुतेक पदांसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. झारखंडात ऑगस्ट २०२४ मध्ये १० किलोमीटरच्या भरती धावेत दहाहून अधिक जण गेले. अशा उमेदवारांत धोक्याची सगळी कारणे एकत्र येतात: रात्रभराचा प्रवास, फलाटावरची झोप, रिकामे पोट, कागदपत्रांच्या रांगेत उन्हात गेलेले तास, आणि नोकरीसाठी चक्कर आली तरी न थांबण्याची ईर्षा. धावेचे अंतर घटवले, तरी यांतली पहिली चार तशीच राहतात. चाचणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेणे, धावणे सकाळी आठच्या आत संपवून कागदपत्रे नंतर तपासणे, रांगेवर मांडव आणि मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याने भरलेले दोन पिंप ठेवणे, एवढ्यासाठी नवे संशोधन लागत नाही.